समासांतले वाद
(लेखांक सातवा)

मागील लेखांकात अमेरिकेतील विज्ञानकथाप्रेमी मंडळींची जी हकीकत दिली, तिचा उगम एका क्षुल्लक दिसणाऱ्या प्रघातात होता. ह्यूगो गर्न्सबॅक याने एप्रिल १९२६ मध्ये काढलेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकात वाचकांची पत्रे छापली जात आणि पत्राखाली लिहिणाराचे नाव व पूर्ण पत्ताही दिला जाई. त्यामुळे चंद्रप्रवासाच्या वेडाने आपण एकटेच झपाटलेले आहोत अशा समजुतीत दिवस कंठणाऱ्या एखाद्या पोराला, आपल्याच शहरात चार गल्ल्या पलीकडे तेच वेड घेतलेला दुसरा पोर राहतो, याचा सुगावा लागे. पुढे १९३४ साली गर्न्सबॅकनेच या मंडळींचा संघ काढला, त्या संघाची लॉस अँजेलिसची शाखा मूळ वृक्ष वठल्यावरही जिवंत राहिली, आणि जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक संमेलनास सुमारे दोनशे माणसे जमली. आपल्या देशात कलकत्त्याने हाच कित्ता आपल्या परीने गिरवला. अद्रीश बर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथांना वाहिलेले बंगाली मासिक काढले, आणि १९६६ मध्ये तेथे विज्ञानचित्रपटांच्या रसिकांचे जे मंडळ निघाले त्याचे अध्यक्षपद साक्षात सत्यजित राय यांनी स्वीकारले.

आपल्या बडोद्यात हा इतिहास धुंडाळू जाता वाट निराळीच निघते. मंडळ काढावे, त्याची घटना करावी, वर्गणीची पावती फाडावी, हा उद्योग मराठी माणसाने नाटकासाठी आणि गणेशोत्सवासाठी जितक्या हौसेने केला तितक्या हौसेने तो विज्ञानकथेसाठी करावा असे त्यास कधी वाटले नाही. येथे वाचकास वाचक भेटला तो वाचनालयात; आणि वाचनालय या संस्थेचा बडोद्यात जो थाट होता, तो त्या काळी हिंदुस्थानात अन्यत्र क्वचितच आढळला असता.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा सबंध राज्यास लागू केला, आणि शाळेतून बाहेर पडलेल्या रयतेच्या हाती वाचावयास काही न पडेल तर खजिन्यातून झालेला सारा खर्च पाण्यात जाईल हे ओळखून, १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून पुस्तकालयांचे एक स्वतंत्र खातेच उभारले. राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ त्या कामी दिले गेले. गावोगावी लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरू लागली, आणि त्या पेट्यांच्या वाहतुकीचा भारही गावकऱ्यांवर न टाकता दरबारने उचलला. याच खात्याची एक शाखा जादूचा कंदील आणि चलच्चित्रे घेऊन खेडोपाडी हिंडत असे, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण पांढऱ्या पडद्यावर दूरदेशीचे पर्वत हलताना पाहिलेल्या मुलास, पृथ्वीवरून उडालेला तोफगोळा चंद्रापर्यंत पोहोचतो हे पटवून द्यावयास फारसे सायास पडत नाहीत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी फडताळांच्या रांगांमधून चालताना पायाखाली जाड काचेची जमीन लागते, तीतून मजल्यामजल्यांत उजेड झिरपतो, आणि वरून कोणी चालले की त्याची सावली आपल्या माथ्यावरून सरकत जाते. ज्यूल व्हर्नच्या कप्तान निमोचे ग्रंथालय पाणबुडीत होते. आमचे जमिनीवर आहे, एवढाच काय तो फरक, असे तेथे पहिल्यांदा शिरणाऱ्या शाळकरी मुलास वाटले तर त्यास दोष देता येणार नाही.

व्हर्न मराठीत आला तोही महाराष्ट्राबाहेरूनच, हे बडोदेकरांना सुखावणारे आहे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० साली ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. आणि आठल्ये हे मासिक चालवीत ते कोचीनला राहून. पुढे भा. रा. भागवतांनी मुलांसाठी व्हर्नची भाषांतरे केली, आणि तीन पिढ्यांच्या उन्हाळी सुट्ट्या त्यांच्यावर पोसल्या गेल्या. त्यांच्या ‘चंद्रावर स्वारी’ची एक जुनी प्रत रावपुऱ्यातील एका रद्दीवाल्याकडून मजपाशी आली आहे. ती कोण्या वाचनालयाची असावी, कारण पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी डकवलेली आहे आणि कडा हाताळून मऊ झाल्या आहेत. परंतु तिचे खरे मोल समासांत आहे. तोफ उडण्याच्या प्रसंगाशेजारी कोणी पेन्सिलीने लिहिले आहे, “माणसे चिरडतील.” त्याखाली वेगळ्या, गोलसर अक्षरात, “पाण्याची गादी आहे, नीट वाचा.” आणि त्याहीखाली, शाईने, “पाणी पुरणार नाही.”

शाईवाल्याचे म्हणणे खरे आहे. व्हर्नची तोफ नऊशे फूट लांब, आणि गोळ्यास द्यावयाचा वेग सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर. एवढ्या आखूड नळीत एवढा वेग यावयाचा तर आतील माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे बावीस हजार पट भार पडेल, आणि त्यापुढे पाण्याच्या गादीची मातब्बरी ती काय! परंतु हिशेबापेक्षा मला त्या तीन हस्ताक्षरांचे अधिक अप्रूप वाटते. एकमेकांचे तोंडही न पाहिलेले तीन वाचक, बहुधा काही वर्षांच्या अंतराने, एका काल्पनिक तोफेवरून हमरीतुमरीवर आले आहेत. न्यूयॉर्कच्या पोरांना जे छापील पत्त्यांनी मिळवून दिले, ते येथे ग्रंथपालाचा डोळा चुकवून, नियमभंगाच्या मार्गाने साधले गेले.

मराठी विज्ञानकथेस राजमान्यता लाभली ती मात्र नियमाच्या मार्गाने. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथांची स्पर्धा सुरू केली, आणि तिच्या इतिहासातील सर्वांत रंजक प्रकरणाचा उगम बडोद्याहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर असलेल्या अहमदाबादेस झाला. १९७४ साली तेथील एका परिसंवादात एक कंटाळवाणे व्याख्यान चालले असता श्रोत्यांतील जयंत विष्णु नारळीकर यांनी समोरच्या कागदांवर एक कथा लिहावयास घेतली. ती ‘कृष्णविवर’. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी फिरवून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव धारण केले, आणि हस्ताक्षर ओळखले जाईल या धास्तीने पत्नी मंगलाताईंकडून तिची नक्कल करवून ती स्पर्धेस पाठविली. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढे ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी त्यांच्याकडून कथा मागून घेतल्या, आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. त्या अनामिक व्याख्यात्याचे मराठी वाङ्मयावर केवढे उपकार आहेत!

परिषदेच्या या उपक्रमातून आणि दिवाळी अंकांच्या आश्रयातून बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांची जी पिढी पुढे आली, तिच्याविषयी आदर बाळगूनही एक तक्रार नोंदविल्यावाचून राहवत नाही. स्पर्धेचे यजमानपद विज्ञानप्रसारक संस्थेकडे गेल्यामुळे कथेस शिकवणीचा दंडक लागला. वैज्ञानिक तत्त्व शुद्ध आहे की नाही याची झडती आधी, आणि कथा रंगली की नाही हा प्रश्न मागाहून, असा क्रम पडला. वाचकानेही मग विद्यार्थ्यासारखे हात जोडून बसावे अशी अपेक्षा निर्माण झाली, आणि जो खोडकर, भांडकुदळ, लेखकाची चूक पकडून आनंदणारा वाचक हा या वाङ्मयाचा खरा मानकरी, त्याच्यासाठी सभेत आसनच मांडले गेले नाही. त्याला मोकळीक होती ती अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकात, जेथे अद्भुत, भय आणि विज्ञान यांच्या सरहद्दी कोणी फारशा आखल्या नव्हत्या, आणि समीक्षकही सहसा फिरकत नसत.

बडोद्यात १९०९, १९२१ आणि १९३४ या वर्षी मराठी साहित्य संमेलने भरली, आणि नंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, संमेलन पुन्हा येथे आले. नारळीकरांना अध्यक्षपदाचा मान मिळावयास त्यानंतरही तीन वर्षे जावी लागली. २०२१ साली नाशिकसाठी त्यांची निवड झाली, परंतु ते प्रकृतिअस्वास्थ्यामुळे मांडवात येऊ शकले नाहीत. ‘कृष्णविवर’ लिहून तोवर सत्तेचाळीस वर्षे लोटली होती, आणि चंद्रलोकची सफर मराठीत अवतरून सव्वाशे व्हावयास चारच कमी. साहित्याच्या दरबारी या प्रकरणाचा निकाल किती सावकाश लागला हे त्यावरून दिसते. आणि अर्ज अजून निकाली न निघालेल्या लेखकांत पहिले नाव नारायण धारपांचे. त्यांचा दावा पुढील लेखांकात दप्तरातून बाहेर काढू.