आठ मिलिमीटरचा हिशेब

यामाहा आरएक्स १०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५०. म्हणजे ९८ सीसी. स्ट्रोक तोच ठेवून बोअर ५८ केला की होतात १३२ सीसी. बोअरचा वर्ग होत असल्याने जेमतेम आठ मिलिमीटरमध्ये जवळपास ३५ टक्के वाढ. मग ताकदही तेवढीच वाढेल, असं बोअर किट घेणारे धरून चालतात. तसं होत नाही.

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये वायूंची ये-जा सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टमधून होते आणि ते पोर्ट पिस्टनच उघडतो, झाकतो. ७५०० आरपीएमला एक फेरा आठ मिलिसेकंदांत संपतो. त्यात ताजं मिश्रण आत सोडणारे ट्रान्सफर पोर्ट उघडे असतात साधारण एक तृतीयांश वेळ, तीन मिलिसेकंदांहूनही कमी! सिलिंडर मोठा केला आणि पोर्ट तेवढेच ठेवले, तर गाडी कमी आरपीएमला छान ओढते, घाटात जाणवण्याइतकी. जास्त आरपीएमला मात्र दमते.

ताकदीत सायलेन्सरचा वाटा तर सीसीपेक्षाही मोठा. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी एक्झॉस्टला असा फुगीर आकार दिला, की त्याच्या मागच्या निमुळत्या भागावर आपटून परतणारी दाबलहर बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ मध्ये त्यांचं १२५ सीसी इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं. त्याच वर्षी त्यांचा रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान सुझुकीकडे गेलं. पुढच्याच वर्षी सुझुकीच्या गाडीवर तो ५० सीसी गटात जगज्जेता झाला.

किट बसवताना पोर्टच्या कडांवरून बोट फिरवून बघाच. कड धारदार लागली तर ती कानसून गोलसर करायची, नाहीतर रिंग अडकून तुटते. हेडही नव्या बोअरला जुळणारं हवं. जुनंच ठेवलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन नॉक करू लागतं.

खरा धोका कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या, लहान राहिलेल्या मेन जेटचा. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की पिस्टन तापतो. ॲल्युमिनियमचा असल्याने तो लोखंडी लाइनरपेक्षा जास्त फुगतो, इंजिन सीझ होतं आणि धावत्या गाडीचं मागचं चाक लॉक होतं. म्हणून सुरुवात मोठ्या जेटने करावी आणि एकेक नंबर खाली यावं. दर वेळी प्लग काढून त्याचं चिनीमातीचं टोक पाहावं: तपकिरी असेल तर ठीक, काळं-ओलं असेल तर पेट्रोल जास्त. पांढरं दिसलं तर जेट पुन्हा मोठा केल्याशिवाय किक मारू नये.