गाडी बनू द्या, पण झोपायच्या खोलीत नको

बीड जिल्ह्याच्या वस्त्यांमध्ये पोरांचा एक छंद आम्हाला अलीकडे सारखा दिसतो. सनबोर्ड, पुठ्ठा, आईस्क्रीमच्या काड्या आणि जुन्या चपलेच्या तळव्यातून कापलेली चाके घेऊन मुले हुबेहूब गाड्या बनवतात. लाल एसटी, मालट्रक, आणि मागे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. ज्या घरातले आई-वडील दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जातात, त्या घरातल्या पोराला ट्रॅक्टरचा एकेक भाग पाठ असतो. गाडी तयार झाली की तिला स्प्रे मारायचा, बारीक एलईडी लावायचे, पुढे नाव टाकायचे. काम खरोखर सुबक असते.

पण आरोग्य बैठकीत आया विचारतात, "सिस्टर, पोरगं रात्रंदिवस त्या थिनरच्या वासात बसतंय. ह्याच्या डोक्यावर काही परिणाम तर होणार नाही ना? फेकून देऊ का सगळं?"

आमचे उत्तर असे: फेकू नका. छंद चांगला आहे. त्याची जागा बदला आणि दोन-तीन वस्तू बदला. का आणि कसे, ते या पानावर सांगतो.

छंद वाया जाणारा नाही

मोजमाप धरून छोटी गाडी बनवण्याचा छंद जगभर आहे. जपानमधली तामिया ही कंपनी 1946 साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली आणि पुढे 1960 पासून प्लास्टिकची मॉडेले बनवू लागली. अशा कंपन्यांच्या खोक्यात गाडीचे सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. आपल्याकडे ही खोकी महाग पडतात, म्हणून आपली पोरे भागसुद्धा स्वतःच कापतात. म्हणजे काम जास्त अवघड करतात.

यात गणितही आहे. 1:24 मापाची गाडी म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा. खरी बस 11 मीटर लांब धरली तर मॉडेल सुमारे 46 सेंटीमीटरचे होते. खरे दार 72 सेंटीमीटर रुंद असेल तर मॉडेलचे दार बरोबर 3 सेंटीमीटरचे. शाळेत गुणोत्तर-प्रमाण ज्याला कळत नाही, तो इथे ते हाताने शिकतो. पुढे आयटीआयला फिटर, शीट मेटल किंवा ड्राफ्ट्समनला जायचे असेल तर हाच हात कामाला येतो. हे मुलींनाही तितकेच जमते. त्यांच्या हातात फक्त झाडू देऊ नका, पट्टी आणि कटरही द्या.

वासात काय असते?

थिनर, स्प्रेचा डबा, पंक्चरचे सोल्युशन आणि प्लास्टिक चिकटवायचे काही डिंक यांत टोल्युइन, झायलीन, अ‍ॅसिटोन अशी द्रावके असतात. ती हवेत लगेच उडतात. श्वासातून फुप्फुसात, तिथून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, डोळे चुरचुरणे ही शरीराने दिलेली सूचना असते. तेव्हा काम थांबवून उघड्यावर जायचे. महिनोन्महिने हा वास जास्त प्रमाणात गेला तर मेंदू, नसा, यकृत आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो.

आपल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. मोठ्या घरात या कामाला वेगळी खोली मिळते. आपल्याकडे पत्र्याच्या एकाच खोलीत चूल असते, अंथरूण असते, पाळणा असतो आणि गाडीचे कामही तिथेच चालते. त्यामुळे त्रास एकट्या पोराला होत नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली जमिनीलगत पसरते, आणि जमिनीलगत झोपलेले असते तान्हे बाळ. पोटुशी बाई, दमेकरी म्हातारा आणि लहान मूल यांना त्याच वासाचा त्रास लवकर होतो. गरोदरपणात टोल्युइनचा वास जास्त प्रमाणात गेला तर पोटातल्या बाळालाही धोका असतो.

दुसरा धोका आगीचा. तीच वाफ जमिनीवरून सरकत चुलीपर्यंत, गॅसच्या शेगडीपर्यंत किंवा देवळीतल्या दिव्यापर्यंत जाते आणि भडका उडतो. स्प्रेचा रिकामा डबासुद्धा चुलीत टाकला तर फुटतो. सनबोर्डचे तुकडे चुलीत सरपण म्हणून जाळू नका. तो पीव्हीसीचा फोम असतो, जळताना घसा आणि छाती जाळणारा वायू निघतो. थर्माकोल तापलेल्या तारेने कापतानाही अंगाला बाधेल असा धूर निघतो, म्हणून ते काम उघड्यावरच.

तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले, असे पोरे म्हणतात. रुमाल किंवा कापडी मास्क थोडी धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. साधा एन-95 मास्कही धुळीसाठी आहे, थिनरच्या वाफेसाठी नाही. उघडी हवा हाच आपला खरा मास्क.

गॅरेजमधून हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचा रंग आणून घरी मारू नका. त्यात आयसोसायनेट असू शकते. त्याने धडधाकट माणसालाही कायमचा दमा जडू शकतो.

रंगातले शिसे

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या वर नसावे, हा नियम देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. पण तो ट्रकला, यंत्राला मारायच्या औद्योगिक रंगांना लागू नाही. पोरे नेमका तोच उरलेला पिवळा, नारिंगी, लाल रंग गॅरेजमधून मागून आणतात. या रंगांत शिसे असू शकते. रंग पॉलिश पेपरने घासला की त्याची भुकटी हाताला, अंथरुणाला आणि मग लहान भावंडांच्या तोंडात जाते. शिसे मुलांची बुद्धी आणि वाढ खुंटवते. शिशाचे इतके प्रमाण चालेल, अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलेली नाही.

म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. भुकटी झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. काम झाल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवा. एलईडी जोडायला कथील वितळवत असाल तर तेही उघड्यावर. नेहमीच्या कथिलात शिसे असते.

अपघात झाला तर

फेविक्विक बोटांना चिकटले तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बोटे भिजवा आणि हळूहळू सोडवा. डोळ्यात उडाले तर साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवा. पापण्या चिकटल्या असतील तर जबरदस्तीने उघडू नका, थेट दवाखाना गाठा. डोळ्याजवळ थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे पाणी अजिबात लावू नका. फेविक्विक सुती कपड्यावर सांडले तर ते एकदम तापते आणि कातडी भाजते. असा कपडा अंगापासून लगेच दूर करा आणि त्यावर पाणी ओता. कापड कातडीला चिकटले असेल तर ओढू नका.

ब्लेडने कापले तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे सलग दाबून धरा. मध्ये उघडून बघू नका. हळद, चुना, कॉफी पावडर भरू नका. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट बधिर वाटत असेल तर टाके लागतील. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मुलाची लस झाली आहे का, ते आशाताईंना विचारा. कापताना लोखंडी पट्टी वापरा, ब्लेड बोटांच्या दिशेने ओढू नका. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि तेच घसरते, म्हणून ब्लेड वेळेवर बदला.

थिनर पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नका. तहानलेले लहान मूल ते पाणी समजून पिते. असे झाले तर उलटी करवू नका. मीठपाणी नको, बोटे घालणे नको. उलटीबरोबर थिनर फुप्फुसात उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. 108 ला फोन लावा आणि ती बाटली सोबत न्या.

दिव्यांसाठी आणलेला चपटा बटण सेल लहान मुलाने गिळला तर शौचातून पडेल म्हणून वाट बघू नका. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून जाळतो. उलटी न करवता एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, जे जवळ असेल ते. फुगलेली मोबाईलची जुनी बॅटरी गाडीत बसवू नका, ती पेट घेते.

नशेची शंका आली तर

हे उघड बोलायला हवे. थिनर आणि सोल्युशन हुंगण्याची नशा आहे. केंद्र सरकारने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळले. या नशेत हृदयाचा ठोका बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू होऊ शकतो.

पण कपड्याला थिनरचा वास आला म्हणून पोराला मारहाण करू नका. गाडी बनवणाऱ्याच्या कपड्याला वास येणारच. खुणा नीट बघा. गाडी पुढे सरकत नाही आणि थिनर मात्र संपते. वासाचे फडके किंवा पिशवी उशाखाली सापडते. नाका-तोंडाभोवती पुरळ किंवा रंग दिसतो. बोलणे जड होते, शाळा सुटते, जुने मित्र तुटतात. अशा दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर शांतपणे विचारा आणि मदत घ्या. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे मोफत क्रमांक आहेत. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार होतो. वस्तीत बदनामी होईल म्हणून लपवले तर उपचाराला उशीर होतो.

आजपासून काय करायचे?

कापणे, मोजणे आणि फेविकॉलने चिकटवणे घरात चालेल. थिनर, स्प्रे, घासकाम आणि कथील मात्र घराबाहेर, वाऱ्याची दिशा बघून, चुलीपासून लांब. रंगवलेली गाडी पूर्ण वाळेपर्यंत रात्री आत आणू नका.

पुठ्ठा आणि काड्यांसाठी पांढरा फेविकॉल वापरा. तो पाण्याचा असतो, वाफेचा त्रास देत नाही. स्प्रेऐवजी पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रेलिक रंग ब्रशने दोन पातळ हात मारले तर गाडी छान दिसते, आणि ब्रश धुवायला थिनरही लागत नाही. थिनर लागलेच तर छोटा डबा आणा, झाकण घट्ट लावा, चिठ्ठी चिकटवा आणि उंचावर ठेवा. दर अर्ध्या तासाने उठून मान आणि पाठ मोकळी करा, लांब बघा.

ज्या वस्तीत विहाराचा किंवा समाजमंदिराचा ओटा आहे, तिथे रविवारी दोन-तीन तास हे काम एकत्र बसून करता येईल. जयंतीच्या देखाव्याचा रंग मारणारी पोरेही हीच असतात, त्यांनाही हेच नियम सांगा. एका जाणत्या माणसाने किंवा बाईने सोबत बसावे. ब्लेड आणि थिनर त्यांच्या ताब्यात असावे. ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांची मुले मागे आजीजवळ राहतात. त्या आजीला रोज पोराच्या मागे लागणे जमत नाही, आणि ओट्यावर पोर सगळ्यांच्या नजरेत राहते.

पोराने बनवलेला ट्रॅक्टर हातात घेऊन एकदा नीट बघा, चांगला झाला असेल तर तसे सांगा. मग त्याला विचारा, रंग कुठे मारलास?