बाळ कोणाजवळ ठेवायचे?

नोकरी करणारी आई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभी राहते? खांद्याला पिशवी अडकवून सकाळची एस.टी. गाठणारी एखादी शिक्षिका, दवाखान्यातली नर्सबाई, नाहीतर तहसील कचेरीतली कारकून बाई. तिच्या घरी सासू असते, सासू नसली तर शेजारीण असते. आणि ती उंबऱ्याबाहेर पडू लागली की लेकरू पदर धरून रडते. हे चित्र खोटे नाही. पण आज मी ज्या आईविषयी बोलणार आहे ती एस.टी.ने जात नाही. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गाठोड्यावर बसून जाते, आणि लेकरू तिच्या मांडीवरच असते.

बीड जिल्ह्यातल्या श्रोत्यांना यापुढचे सांगायलाच नको. गेवराई तालुक्यात चकलांब्याकडे काय, किंवा शेजारच्या शिरूर, पाटोदा, वडवणी, धारूर या बाजूला काय, दसरा होऊन दिवाळी तोंडावर आली की वस्त्यांवर बांधाबांध सुरू होते. बाज, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, दोन कोंबड्या, एखादी शेळी, आणि वर माणसे. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. तिच्यातून कुणाचे लग्न झालेले असते, कुणाचा दवाखाना झालेला असतो. आता ती फेडायला ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या सुमारास गेलेली माणसे मार्च-एप्रिलकडे परत येतात. पाऊस कमी, जमीन थोडी, आणि पश्चिमेकडे 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून एकामागून एक वाढत गेलेले उसाचे मळे. अशा दोन टोकांच्या मध्ये हा रस्ता पडला, आणि 1972 च्या दुष्काळाने तो आणखी रुळला.

या धंद्यात माणूस मोजायचे माप ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकट्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे जोडीला. हिशोब लिहिला जातो तो बहुतेक नवऱ्याच्या नावावर. काम मात्र दोघांचे. तो ऊस तोडतो; ती पाचट काढते, मोळ्या बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. मजुरी टनावर. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, ती मोठ्या मागणीनंतर. पण दर कितीही वाढला तरी वजन होते ते उसाचे. बाळाला पाजण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचे वजन कोणत्याच काट्यावर होत नाही. उलट एखाद्या दिवशी कामावर जाता आले नाही तर ‘खाडा’ पडतो, आणि पुष्कळ ठिकाणी खाड्याचा दंडही पडतो.

आता या बाईचा दिवस पाहा. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, पाणी आणायचे, उजाडायच्या आत फडात पोचायचे. बाळाला कोपीत ठेवावे तर तिथे कोण आहे? कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि प्लास्टिकचा कागद. तिला दार नाही. म्हणून बाळ फडात येते. बाभळीच्या फांदीला नाहीतर गाडीच्या दांडीला लुगड्याची झोळी बांधायची आणि त्यात निजवायचे. रांगते झाले की झोळीत राहत नाही. तोडलेल्या उसाचे धारदार खुंट, साप, मागे सरणारा ट्रॅक्टर, जुन्नरकडे बिबट्यासुद्धा. संध्याकाळी कोपीवर परत आल्यावर नवरा बाजेवर टेकतो आणि ती चुलीशी बसते. कोयता दोघांचा, चूल एकटीची! यावर पुरुष श्रोत्यांनी रागावू नये. रागवायचेच असेल तर आज रात्री भांडी घासून मग रागवावे.

या धावपळीत तिच्या अंगाला काय सोसावे लागते, याची एक बाजू 2019 साली साऱ्या महाराष्ट्राला कळली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी करवली. 82,000 हून अधिक बायकांत 13,000 हून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यातल्या पुष्कळ जणी ऐन कामाच्या वयातल्या होत्या. पाळीचा त्रास, त्यात खाड्याची धास्ती, दवाखान्याची घाई. या सगळ्याची कारणे लांबवर जातात, आणि त्यांवर वेगळे भाषण लागेल. मी बाळाकडे परत येते.

बाळ फडात सांभाळायचे तर कुणीतरी हवे. कोण? घरातली मोठी मुलगी. आठ-नऊ वर्षांची असेल, तिसरीत-चौथीत असेल. चकलांब्याच्या बाजूला एखाद्या शाळेत गुरुजी दिवाळीनंतर हजेरी घेतात आणि रांगेतली नावे गळालेली दिसतात, त्यांत ही मुलगी असते. गुरुजी घरी जाऊन आले असतील, समजावून आले असतील. बापानेही मान डोलावली असेल. पण आईने एकच विचारले असेल, “धाकल्या लेकराला कोण सांभाळंल?” आणि या प्रश्नाला गुरुजींच्या पिशवीत उत्तर नव्हते.

शिक्षक बंधुभगिनींनो, मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच. आपण सोय करतो ती मोठ्या मुलीची, आणि अडचण असते धाकट्या बाळाची. शाळेसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. आईबाप तोडीला गेले तरी मूल आजीजवळ गावातच राहावे, त्याला दोन वेळा जेवण मिळावे, शाळा चालू राहावी, अशी ती योजना. चांगली योजना आहे. कारखान्यांच्या आवारात साखरशाळाही चालल्या. पण वसतिगृह शाळेच्या वयाच्या मुलाला घेते. दहा महिन्यांच्या बाळाला घेत नाही. बाळ आईबरोबर जाणारच. मग बाळामागे ताईही जाते. आणि चार-पाच हंगाम अशी गेलेली मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की ना धड शाळेत, ना धड घरात. तिला एकटी कोपीत ठेवायची भीती, गावात ठेवायची भीती. मग लग्न लावून देतात, आणि एक नवा कोयता तयार होतो.

हे कोडे आपल्या महाराष्ट्रात पूर्वी कुणी सोडवलेच नव्हते असे नाही. ताराबाई मोडक हे नाव शिक्षकांना ठाऊक असेल. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या या बाई पदवीधर झाल्या, स्वतः नोकरी करीत एका मुलीला वाढवीत होत्या, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम शिकल्या. 1945 साली त्यांनी शहरातले काम सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचे केंद्र काढले. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि वर्ष उलटायच्या आत वैधव्य, असे नशीब घेऊन ज्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या, त्या या अनुताई.

बोर्डीला बालवाडी तर निघाली. पण गरिबांची मुले तिकडे फिरकेनात. कुणाला येऊ देत नव्हते, कुणाला यायला कपडे नव्हते, कुणाची आई मजुरीला गेल्यामुळे कडेवर भावंड होते. तेव्हा या दोघींनी साधा विचार केला: मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडीने मुलाकडे जावे. पाड्यावर कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, त्यांना अंघोळ घालायची, नखे कापायची, शिंपले, बिया, काड्या, पाने घेऊन खेळ खेळायचे, गाणी म्हणायची. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज गावोगाव ज्या पाटीखाली आपण लेकरू सोडतो तो शब्द असा आला, बरे का! पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलुखात गेले, तेव्हा तिथे आणखी एक गोष्ट घडली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. आणि ज्या मुली भावंडे सांभाळण्यापायी शाळेत येत नव्हत्या, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच ठिकाणी आणली. तिचे नाव विकासवाडी. मुलीने यावे, कडेवरचे भावंड पाळणाघरात द्यावे, मधले बालवाडीत बसवावे आणि आपण वर्गात जावे. मधल्या सुटीत बाळ दिसते, मुलीचे चित्त थाऱ्यावर राहते. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना 1985 साली पद्मश्री. पण मला विचाराल तर त्यांचा खरा शोध हा की, ताईला शिकवायचे तर आधी बाळाला घ्यायचे.

हाच धागा शहरात दुसऱ्या एका बाईने पकडला. 1969 साली गांधी शताब्दीचे प्रदर्शन दिल्लीत उभे राहत होते. तिथे बांधकामावर वाळू-विटा वाहणाऱ्या बायांची मुले धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि बांधकामाच्या जागीच पाळणाघर उघडले. इमारत पूर्ण झाली की पाळणाघर पुढच्या इमारतीकडे हलायचे. म्हणून त्याला फिरते पाळणाघर म्हणतात. पुढे मुंबई-पुण्यातही असे काम झाले. ऊसतोडीच्या टोळीइतकी फिरती वस्ती दुसरी कोणती असेल? जी युक्ती विटांना लागू पडली ती उसाला का पडू नये?

आता कायद्याचे पाहू. 1948 च्या कारखाने कायद्याने सांगितले की पन्नासाहून अधिक बायका कामाला असतील तिथे मालकाने पाळणाघर ठेवावे. 1976 साली हा आकडा तीसवर आणला. 1961 चा प्रसूती लाभाचा कायदा 2017 साली सुधारला, तेव्हा पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. अलीकडे हे कायदे नव्या कामगार संहितांत सामावले गेले. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेलाही 180 दिवसांची प्रसूती रजा मिळते. फार चांगले झाले. पण गंमत अशी की, साखर कारखान्याच्या दाराच्या आत हा नियम, आणि ज्या उसावर तो कारखाना चालतो तो ऊस तोडणारी बाई दाराच्या बाहेर. ती कारखान्याची नोकर नाही, मुकादमाशी बांधलेली आहे, आणि मुकादमाच्या वहीत बाळंतपणाचे पान नाही. बाळंत होऊन पंधरा-वीस दिवसांत फडात उभ्या राहिलेल्या बाया या भागात कुणी पाहिल्या नाहीत?

त्या मानाने रोजगार हमीचा 2005 चा केंद्रीय कायदा व्यवहारी होता. कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा अधिक मुले आली, तर तिथल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला मजुरीइतकीच मजुरी द्यावी, असे त्यात लिहिले होते. पाहा, किती थोडक्यात काम! इमारत नको, पाटी नको. वीस कोयत्यांच्या टोळीत एक म्हातारी बाई, एक सावलीची जागा, पाण्याचा माठ आणि तिच्या मजुरीचा वाटा. कारखाना आणि मुकादम यांनी मिळून हे ठरवले तर पुढच्या हंगामातसुद्धा होईल.

अंगणवाडी सरकारी योजना म्हणून 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 ठिकाणी सुरू झाली आणि पुढे गावोगाव पोचली. पण ती काही तासांचीच भरते, आणि तीन वर्षांच्या आतल्या बाळाला दिवसभर ठेवून घेत नाही. 2022 पासून ‘पाळणा’ या नावाने केंद्राची योजना आहे. तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे आहे. आणि अंगणवाडी ताई? ती स्वतः काम करणारी आई. पण तिला पगार नाही, मानधन. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा कुठे ती कामगार ठरू लागली.

गावात कुणी म्हणते, बाई घराबाहेर पडली की मुले बिघडतात. हे बोल शिक्षिकेला ऐकवतात, नर्सबाईला ऐकवतात. ऊसतोडीच्या बाईला कुणी ऐकवीत नाही, कारण तिच्या उचलीवर घर चालते. आणि बापाला तर कुणीच ऐकवीत नाही.

तेव्हा शिक्षकांनी दसऱ्याच्या आधी घरोघर जाल तेव्हा “मुलीला पाठवाल का?” असे विचारू नये. “घरात तीन वर्षांच्या आतले मूल किती महिन्यांचे आहे, आणि ते कोणाजवळ राहणार?” असे विचारावे. आजी असेल आणि बाळ वर्षाच्या पुढचे असेल तर अंगणवाडी ताईला बरोबर घेऊन आजीशी बोलावे. बाळाच्या आहाराची जबाबदारी ताईने घ्यावी. मुलगी भावंडाला घेऊन वर्गात आली तर तिला परत पाठवू नये. एका कोपऱ्यात सतरंजी पडली म्हणून गणित बिघडत नाही.

आणि जे कुटुंब जाणारच, त्याच्या हाती दोन कागद द्यावेत. एक, शाळेचे शिक्षण हमी कार्ड. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून कुठलीच शाळा मुलाला नाकारू शकत नाही, हे आईला तोंडीही सांगावे. दुसरा, बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी आणि नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस, यांपैकी कोणती हंगामात येते तिच्याभोवती लाल पेनाने गोल करून द्यावा; जिथे टोळी उतरेल तिथल्या आरोग्य केंद्रात ती मिळते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला अंगावरचेच दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. आई फडात लांब असेल तर स्वच्छ हातांनी काढलेले दूध झाकून सावलीत ठेवावे, तीन-चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे, उन्हाळ्यात त्याहून लवकर, बाटली नको. कोपीत दव फार पडते, तेव्हा दोन्ही कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून द्यावी. तो डबा बाई रोज पहाटे उघडते.