मोकळा दिवस हाही तालमीचाच दिवस

शक्ती कमवावी कशी हे सांगणारे गावोगाव भेटतात. कमावलेली शक्ती अंगी मुरावी कशी, हे सांगणारे मात्र थोडे. आज या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू.

आपल्या भागाला शरीर कमावण्याचा नाद नवा नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूरच्याच मैदानात महाराष्ट्र केसरी झाले, आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो. आता तालमीच्या जोडीला व्यायामशाळा आल्या, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. जिद्दीला तोटा नाही. पण ‘एक दिवस खाडा झाला तर अंग उतरेल’ या धाकानं रोजच्या रोज जोर, बैठका आणि वजनं चालू राहतात, आणि ऐन परीक्षेच्या दिवशी पाय साथ देत नाही.

पाऊस पडल्याबरोबर कोणी काळ्या रानात औत घालीत नाही. वाफसा येऊ देतो. ओल्यात औत घातलं तर ढेकळं निघतात आणि रान बिघडतं. स्नायूंचंही तसंच आहे. जोराच्या व्यायामानं स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. बैठकीत खाली जाताना, वजन सावकाश उतरवताना, उतारावर धावताना ती अधिक होते, कारण तेव्हा स्नायू भार सोशीत ताणला जातो. मग शरीर त्याची डागडुजी करतं, आणि ती करताना स्नायू पहिल्यापेक्षा थोडा बळकट करून ठेवतं. म्हणजे बळ चढतं ते व्यायामानंतरच्या एक-दोन दिवसांत. त्यासाठी त्याच स्नायूंना पुन्हा जोर देण्यापूर्वी सुमारे ४८ तास जाऊ द्यावेत.

इथं एक गैरसमज दूर करू. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळं, असं पुष्कळजण सांगतात. ते आम्ल तर तासाभरातच निघून जातं. हे दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवतं आणि काही दिवसांत आपोआप ओसरतं.

मग मोकळ्या दिवशी खाटेवर पडून राहावं काय? तसंही नको. हलक्या हालचालीनं रक्त खेळतं आणि अंगाचा ताठरपणा कमी होतो. त्यानं डागडुजी फार लवकर होते असं नाही. पण बरं वाटतं आणि सवय तुटत नाही. हलकं म्हणजे किती? सोबत्याशी सलग बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटू लागलं की चाल कमी करावी.

बांधावरून किंवा मातीच्या वाटेनं वीस-तीस मिनिटं चालावं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून हे भल्या पहाटे किंवा दिवस मावळल्यावर करावं. सपाट रस्त्यावर बिनओझ्याची सायकल चालते. चार-सहा सूर्यनमस्कार घालावेत, पण संथ. झटका न देता, श्वास न कोंडता. पोहता येणाऱ्यानं सोबतीला कोणी असेल तरच पाण्यात उतरावं. पैलवानानं जोर न लावता डावांची नुसती उजळणी करावी. आणि मालिश! पोळ्याच्या आदल्या सांजेला आपण बैलाची खांदमळणी करतो, हळद-तूप लावून त्याचे खांदे चोळतो. वर्षभर राबणाऱ्या खांद्याला जे कळतं ते आपल्या खांद्यालाही कळतं. मात्र हात हलका असावा, आणि सुजलेली जागा चोळू नये.

शेतकरी घरच्या मुलांनी आणखी एक हिशेब ठेवावा. ज्या दिवशी सोयाबीनची पोती उचलली किंवा दिवसभर विहिरीवर राबलं, तो दिवस मोकळा नव्हे. तो जोराचाच धरावा. एरवी सोमवार, बुधवार, शुक्रवार जोराचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार हलके. आणि रविवारी पूर्ण सुटी, अशी वाटणी पुष्कळांना जमते. मोकळ्या दिवशी जेवण तोडू नये; डागडुजीला माल लागतोच. भाकरी, वरण, हरभरा, शेंगदाणे, दूध किंवा अंडी पुरेशी आहेत. झोप मोठ्यांना किमान सात तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास हवी.

भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. म्हणून हाडांचीही गोष्ट ऐका. भार वाढला की शरीर आधी जुनं हाड झिजवतं आणि मग नवं बसवतं. याला कित्येक आठवडे लागतात. तेवढ्यात अंतर झपाट्यानं वाढवलं तर नडगीच्या हाडाला बारीक चीर पडू शकते. नडगीवर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल आणि धावताना ती वाढत असेल, तर गोळी घेऊन धावू नका, डॉक्टरांना दाखवा. आठ दिवसांचं थांबणं पुढचे तीन महिने वाचवतं. अति बैठकांनंतर स्नायू सुजून लघवी कोलासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यात मूत्रपिंडांना धोका असतो.

शिक्षक बंधु-भगिनींनो, ‘कोण जास्त बैठका काढतो’ ही पैज मुलांत लागू देऊ नका. शिक्षा म्हणून उठाबशा तर नकोतच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला मनाई केलेली आहे. त्याऐवजी मुलांना एक वही घालून द्या. आज काय केलं, झोप किती झाली, कुठं दुखतं, एवढंच त्यांनी रोज लिहावं. महिन्याभरात मुलाला आपल्याच अंगाची भाषा वाचता येऊ लागेल. कधी जोर लावायचा आणि कधी थांबायचं हे ज्याला कळलं, त्याची निम्मी तालीम झाली म्हणून समजा.