मदतीची रक्कम आणि मिळकतीचा रकाना

आपल्या वस्त्यांतून पगारदार माणसे निघू लागली, त्याला आता काही वर्षे झाली. घरातला पहिला पदवीधर पहिल्यांदाच आयकराचे विवरणपत्र भरायला बसतो, आणि नेमके त्याच वर्षी गावात पुराचे पाणी शिरलेले असते. सरकारी मदत घरच्या खात्यात जमा झालेली असते. ती दाखवायची की लपवायची, या प्रश्नाशी तो अडतो. म्हणून हा खुलासा.

मूळ तत्त्व साधे आहे. आयकर हा मिळकतीवरचा कर आहे. पुराने भिंत पडली आणि सरकारने तिच्यापोटी काही रक्कम दिली, तर माणसाची कमाई वाढली असे होत नाही. गेले त्यातले थोडे परत आले, इतकेच. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम १० (१० बीसी) हेच सांगते. आपत्तीमुळे केंद्र वा राज्य सरकारकडून अथवा स्थानिक संस्थेकडून व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला मिळालेली भरपाई करमुक्त आहे. २००७ साली हे कलम आले आणि १ एप्रिल २००५ पासून लागू धरले गेले. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे मिळालेली सरकारी मदत याच जातीची.

तेव्हा लपवाछपवीचे कारण नाही. विवरणपत्रात करमुक्त उत्पन्नाचा वेगळा रकाना असतो; रक्कम तेथे लिहावी. तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. त्याच नुकसानीपोटी आधी वजावट घेतली असेल, तर तेवढ्या रकमेला सूट नाही. मदत बँकेत ठेवली, तर तिचे व्याज ही मिळकतच. आणि मदत आईच्या नावे आली असेल, तर ती मुलाची मिळकत नव्हे. आईने ती मुलाच्या हाती दिली तरी नव्हे.

२०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा संमत केला; त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. विवरणपत्र कोणत्या वर्षाचे, ते आधी पाहावे.

येथवर कायदा आपल्या बाजूने बोलतो. पुढे तो गप्प होतो. भोपाळच्या वायुपीडितांच्या भरपाईसाठी १९६१ च्या कायद्यात कलम १० (१० बीबी) स्वतंत्रपणे घातले गेले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांनुसार पीडितांना जे अर्थसाहाय्य मिळते, त्याचे नाव मात्र कलम १० मध्ये कोठेच नाही. आपत्तीची व्याख्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून घेतलेली. ती एखाद्या भागावर कोसळलेल्या, तेथील लोकांना न पेलणाऱ्या संकटाची आहे. गावाने जाळलेले एकटे घर तिच्यात बसवणे कठीण.

याचा अर्थ ते साहाय्य करपात्र ठरते असा नाही. इजेची भरपाई म्हणजे कमाई नव्हे, हे मूळ तत्त्व तेथेही लागू पडते. पण कलमावर बोट ठेवता येते. तत्त्वासाठी वाद घालावा लागतो. ज्याचे घर जळाले, त्यानेच कचेरीच्या खिडकीपाशी वाद घालावा, ही अपेक्षा न्यायाची नाही. पुराचे नाव कायद्यात लिहिता आले, वायूचे लिहिता आले. अत्याचाराचेही लिहावे, ही मागणी आपण केली पाहिजे.