तोफेजवळ माणूस हवा की यंत्र?



अंतराळयानांच्या लढाया आपल्या मुलांना फार आवडतात. त्यावर भूमिका घेऊन खेळायचे खेळही आहेत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो, बाकीचे कप्तान, इंजिनिअर, गोलंदाज होतात आणि निकाल फाशांवर ठरतो. अमेरिकेत १९७७ साली निघालेला 'ट्रॅव्हलर' हा यातला एक जुना व प्रसिद्ध खेळ. यात एक प्रश्न नेहमी पडतो. यानावरच्या टरेटमध्ये, म्हणजे चारी दिशांना फिरणाऱ्या तोफेच्या घुमटीत, माणूस बसवावा की ती संगणकावर सोपवावी?

खेळापुरते उत्तर सोपे आहे. तोफ संगणकाने चालवली तर गोलंदाज झालेला मुलगा हात बांधून बसेल, म्हणून माणूस हवा. पण खऱ्या जहाजांवर हाच प्रश्न जीवन-मरणाचा आहे.

गोलंदाज हा शब्द आज आपण क्रिकेटसाठी वापरतो. त्याचा जुना अर्थ तोफ डागणारा. इंदूरजवळच क्षिप्रेकाठी महिदपूर येथे २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांची इंग्रजांशी लढाई झाली. होळकरांचा पराभव झाला, परंतु त्यांचे गोलंदाज पायदळ मागे हटल्यावरही तोफा सोडून गेले नाहीत. तोफेची खरी ताकद तिच्यामागच्या माणसांत होती.

दुसरे उदाहरण समुद्रावरचे आहे. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेजवळ 'अकिलीज' आणि सोबतच्या दोन जहाजांनी एका मोठ्या जर्मन युद्धनौकेशी झुंज दिली. गोळ्याचे तुकडे अकिलीजच्या तोफांना दिशा सांगणाऱ्या कक्षात घुसले आणि चार नौसैनिक ठार झाले. इतरांनी त्यांच्या जागा घेऊन काम चालू ठेवले. सोबतच्या 'एक्झीटर'च्या पुढच्या दोन्ही घुमट्या बंद पडल्या, तेव्हा मागच्या घुमटीतील लोक स्वतःच नेम धरून लढत राहिले. हीच 'अकिलीज' १९४८ मध्ये भारताने घेतली. ती आपल्या नौदलाची पहिली 'दिल्ली' झाली आणि १९७८ पर्यंत सेवेत होती.

मग आज यंत्र कशाला? कारण वेळ उरला नाही. ध्वनीच्या तिप्पट वेगाने येणारे क्षेपणास्त्र वीस किलोमीटर अंतर सुमारे वीस सेकंदांत कापते. तेवढ्यात माणसाने पाहायचे, नेम धरायचा आणि तोफ डागायची हे शक्य नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'विशाखापट्टणम' ही विनाशिका नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलात आली. तिच्यावर सहा नळ्यांच्या एके-६३० तोफा आहेत. रडार लक्ष्य दाखवते, संगणक नेम धरतो आणि मिनिटाला सुमारे पाच हजार गोळ्या सुटू शकतात. त्या घुमटीत कोणी बसत नाही. माणूस आत, पडद्यासमोर असतो.

परंतु यंत्राला शत्रू-मित्र कळत नाहीत, त्याला फक्त लक्ष्य कळते. १९९६ मध्ये प्रशांत महासागरातील सरावात एका जपानी जहाजाच्या अशाच तोफेने, सरावाचे लक्ष्य ओढून नेणारे अमेरिकी विमानच पाडले. सुदैवाने दोन्ही वैमानिक वाचले. माणूसही चुकतो. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' जहाजाने इराणचे प्रवासी विमान क्षेपणास्त्रांनी पाडले आणि २९० लोक गेले. विमान वर चढत असल्याची नोंद जहाजाच्या यंत्रणेत होती, पण तणावात असलेल्या लोकांनी ते आपल्यावर झेपावत आहे असे मानले.

म्हणजे प्रश्न माणूस की यंत्र असा नाहीच. कोणते काम कोणाचे, हा प्रश्न आहे. मोजणे, नेम धरणे, वेग साधणे हे यंत्राचे काम. समोर कोण आहे हे ओळखणे, गरज नसेल तर थांबणे आणि झाल्या गोष्टीचे उत्तर देणे हे माणसाचे काम. चुकीबद्दल यंत्राला जाब विचारता येत नाही. मात्र माणसाने हे काम करायचे तर त्याला यंत्र काय सांगत आहे ते समजले पाहिजे, आणि यंत्र बंद पडले तर ते काम हातानेही करता आले पाहिजे. गणिताच्या तासाला आधी पाढे आणि नंतर कॅल्क्युलेटर, हा आग्रह याचसाठी असतो.

मुलांनो, पुढच्या वेळी खेळात यान बांधाल तेव्हा टरेट खुशाल स्वयंचलित ठेवा. पण दोन गोष्टी आधी ठरवा. संपर्क तुटला तर तोफ कोण चालवणार? आणि 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कोणाकडे राहणार? पालकांनीही घरी हे दोन प्रश्न मुलांना जरूर विचारावेत.