स्वभाव आणि संगोपन

एकाच आईची दोन मुले. थोरला कोणाच्याही कडेवर हसत जातो. धाकटी अनोळखी चेहरा दिसताच आईच्या पदराआड दडते. थोरला पानात पडेल ते खातो. धाकटी नव्या भाजीला चार-चार दिवस तोंड लावीत नाही. घर एक, माया एक, शिस्तही एक. मग हा फरक आला कोठून? शेजारीपाजारी ‘लाडाने बिघडली’ असा निकाल देऊन मोकळे होतात आणि आई मुकाट्याने स्वतःला दोष देऊ लागते.

हा दोष खरोखरच आईचा असतो काय? मुलांच्या बहुतेक अडचणींचे मूळ आईच्या वागणुकीत शोधण्याच्या काळात, १९५६ साली, न्यूयॉर्क येथील अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. शंभराहून अधिक मुलांचा त्यांनी तान्हेपणापासून प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. चळवळेपणा, झोप-भुकेची नियमितता, नव्या गोष्टीस मिळणारा पहिला प्रतिसाद, बदलाशी जुळवून घेण्याची तयारी, भावनांची तीव्रता, चिकाटी अशा एकूण नऊ अंगांनी नोंदी केल्या. सुमारे ४० टक्के मुले सहज वळणारी आढळली. सुमारे १० टक्के अवघड होती. त्यांच्या झोपेला वेळ नव्हती, नव्याला नकार होता आणि रडणे जोराचे होते. आणखी १५ टक्के मुले हळूहळू रुळणारी होती. उरलेली कोणत्याच एका गटात बसेनात.

परंतु या अभ्यासाचे खरे सार वर्गवारीत नाही. अवघड मूल पुढे बिघडतेच असे नाही, आणि सोपे मूल सदैव सुखरूप राहते असेही नाही. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते.

बुजऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी बालवाडीत ओढत नेऊन सोडले, तर तिची भीती बळावण्याचा संभव असतो. तिची आई काही दिवस दाराशी बसली आणि हा वेळ रोज थोडाथोडा कमी करीत गेली, तर तीच मुलगी पुष्कळदा आपल्या पायांनी आत जाते. याचा अर्थ तिचा प्रत्येक हट्ट पुरवावा, असा नव्हे. बालवाडीत तर जायचेच असते. वेग तेवढा तिचा असतो.

स्वभाव हा जन्मतः लाभलेला कल असतो. ती आईची चूक नव्हे आणि मुलाचा अपराधही नव्हे. एवढे घराने ओळखले, तर धाकटीची थोरल्याशी रोज होणारी तुलना थांबेल, आणि आईच्या मनावरचे ओझेही उतरेल.